चर्चच्या मंडळीत पहिल्यांदाच संदेश (प्रवचन) द्यायचाय पण आत्मविश्वासच येत नाही, काय करू?

अहो भीती वाटते म्हणून तुम्ही सेवेला लायक नाही असं बिलकुल समजू नका. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात गेला तेव्हा आपण अशक्त होतो, भीतीने थरथरत होतो असं त्याने स्वतःच लिहिलंय (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, 2:3), आणि दुसऱ्या पत्रात 3:5 ला म्हणतो की आमची पात्रता देवाकडून आलीये. बायबलमधल्या मोशे संदेष्ट्यानेही जड जिभेचं कारण सांगितलं होतं तर देवाने सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला, त्यामुळे तुम्हीपण चर्चच्या पाळकांना (पास्टरना) नाहीतर प्रार्थना करणाऱ्या एखाद्या मावशींना आधीच सांगून ठेवा, खूप आधार वाटतो! तयारी मात्र नीट करा, घरी चारपाचदा मोठ्याने वाचा, आणि शब्द अडकला तर थांबा, मनात प्रभूला हाक मारा आणि पुढची ओळ घ्या.