आज्जीचा काष्टा आणि बघणारी माणसं

बाळ,

आज्जी इकडं येणार म्हटल्यावर तू विचारलंस, "ती इथंही काष्ट्याचंच लुगडं नेसणार? सगळे बघतील. तिला पॅन्ट घालायला सांग ना."

नेसणार, आणि लोक बघतीलही. बेळगाव-खानापूरकडं कोणी मान वळवत नाही, कारण शेजारची कन्नड बोलणारी आज्जीही तसंच नेसते. इरकल लुगडं तर येतंच मुळी बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलहून. तेव्हा तो मराठीपणाचा गणवेश समजू नकोस. खानापूरकडं भात लावताना दिवसभर चिखलात वाकायचं, त्यासाठीचं ते कापड.

लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. साधी साडी साडेपाच-सहा मीटरची. आत परकर नसतो, म्हणून सगळा भार कमरेच्या गाठीवर. गाठ सैल राहिली तर पुढचं सगळं वाया. एका बाजूनं पदर काढून खांद्यावर टाकायचा, मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून पुढं खोचायच्या. मग निऱ्यांचा खालचा मधला काठ पायांमधून मागं घेऊन बरोबर कण्यावर खोचायचा, तो काष्टा. निऱ्या मधोमध नसल्या की काष्टा एका बाजूला ओढतो. फार ताणला तर मांडी घालून बसता येत नाही. नवं सुती लुगडं खळीमुळं फुगतं, ते आधी एकदा धुवावं.

सरकत्या जिन्याची काळजी नको, घोट्याशी लोळणाऱ्या साडीपेक्षा काष्टा बरा. खरी अडचण विमानतळावर. कमरेला खोचलेला बटवा आधीच ट्रेमध्ये ठेवायला लाव; आत सुटे पैसे असतातच. घोळदार कपडा म्हणून हातानं तपासतील, तेव्हा बाई अधिकारी आणि आडोशाची खोली मागता येते. तसं तू सांग, आज्जीला इंग्रजीत जमणार नाही.

कोणी फोटो मागितला तर परवानगी तू देऊ नकोस. प्रश्न मराठीत तिला सांग, तिचं उत्तर त्यांना. ती "नको" म्हणाली तर नको, माफी मागत बसायचं नाही. न विचारता मोबाईल रोखणाऱ्याला मात्र तूच थांबव.

आणि सुट्टीत तू गावाकडं गेलीस की तुझ्याकडंही बघतील, हाफ पॅन्ट असो नसो. "कुणाची गे तू?" विचारलं तर नुसतं स्वतःचं नाव सांगून भागत नाही, आजोबांचं नाव आणि गल्ली सांग. मग चहा येईल. नको म्हणालीस तरी अर्धा कप येतोच.

तुझी आई