आधी रंकाळा बघ, मग दाजीपूर

अरे भावा,

तुझा मेसेज वाचला. कॅमेरा कुठला घेऊ आणि दाजीपूरच्या अभयारण्यात कधी जाऊ, दोनच प्रश्न. गवे बघायला जायचंच आपण, पण घराजवळ कोल्हापूरचा रंकाळा तलाव आहे, तिथले पक्षी आधी वर्षभर बघ की. कॅमेरा राहू दे, ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते.

सकाळी लवकर संध्यामठाच्या बाजूला ये आणि वॉकिंगवाल्यांसारखं चक्कर मारत सुटू नको, एका जागी बस. वंचक बगळा दगडावर बसला की मातकट, दिसतच नाही, उडाला की पांढराशुभ्र, मग कळतं की हा इथंच होता. पाणकावळ्याची पिसं पाण्यात भिजतात म्हणून त्याला सहज बुडी मारता येते, आणि म्हणूनच बाहेर आला की पंख पसरून वाळवत बसतोय.

केंदाळाला, म्हणजे जलपर्णीला, सगळे शिव्या देतात, बरोबरच आहे. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन ते माजतं, खाली उजेड जात नाही, कुजायला लागलं की ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. पण त्याच पानांवर लांब बोटं टाकत कमळपक्षी चालतो (त्यांच्यात अंडी नर उबवतो), आणि काठच्या पाणकणसात जांभळी पाणकोंबडी असते. म्हणून मला वाटतं आधी सांडपाणी थांबवावं, केंदाळ काढावं, पण काठ पार खरवडून काँक्रीट करू नये. हे मीटिंगमध्ये ठासून बोलायचं तर हातात नोंदी पाहिजेत, नुसतं प्रेम असून भागत नाही.

नोंदीत तारीख, वेळ, जागा, किती, काय करत होता, एवढं तरी हवंच. नेहमीचा पक्षी दिसला नाही तर तेही लिही. थंडीच्या तोंडावर धोबी पक्षी आला की ती तारीख लिही, ई-बर्डवरही (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाक.

आणि माणसं सोडू नको. म्हसरं घेऊन येणाऱ्या मामांना गायबगळ्याचं विचार, म्हशीच्या पायानं उठलेले किडे तो कसा टिपतो ते त्यांनी रोज बघितलेलं असतंय. गळ टाकून बसणाऱ्यांना विचार, चिलापी वाढल्यापासून कुठला मासा मिळेना झालाय. मान देऊन बोल, वही लगेच काढू नको, घरी जाऊन लिही.

घरटं सापडलं तर जागा ग्रुपवर टाकायची नाही, फोटोसाठी गर्दी होते आणि पक्षी अंडी सोडून जातात. मला फक्त फोन कर.