एपिड्युरल इंजेक्शननंतरही एमआरआय तसाच आला, म्हणजे इंजेक्शन वाया गेलं का?

तुम्ही लिहिलंय की आईंना कमरेत एपिड्युरल इंजेक्शन (मणक्यात नसांभोवतीच्या पोकळीत सोडलेलं स्टिरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध) देऊन तीन महिने झाले, पायातली कळ बरीच उतरली, पण खात्री करायला म्हणून पुन्हा एमआरआय काढला तर एल4-एल5 ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, सरकलेली गादी होती तिथेच. आता घरात वाद चाललाय, इंजेक्शन फुकट गेलं की रिपोर्ट चुकला. माझ्या मते दोन्ही नाही. ते इंजेक्शन गादीसाठी नव्हतंच.

मी म्हापशात एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे. त्याआधी काही वर्षं ऑपरेशन थिएटरात सी-आर्म (पडद्यावर चालता एक्स-रे दाखवणारं यंत्र) चालवायचो. डॉक्टर नव्हे, त्यामुळे उपचाराचं त्यांच्याच डॉक्टरांना विचारा. पण चित्रात काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते मी रोज बघतो.

गादी सरकते तेव्हा आतला मऊ गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतो. नुसत्या दाबाने एवढी आग होत नाही. त्या गरातल्या रसायनांमुळे नस चिडते, सुजते आणि कळ कुल्ल्यापासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत धावते. स्टिरॉइड उतरवतं ती ही सूज. गर जागच्या जागी राहतो. आणि साध्या एमआरआयत गर ठळक दिसतो, नसेची सूज मात्र फारशी कळत नाही. म्हणजे औषधाने जिथे काम केलं, तेच चित्रात सगळ्यात अंधुक असतं.

आमच्याकडे एक मोटरसायकल पायलट आले होते (गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, भाड्याने मागे बसवून नेणाऱ्या दुचाकीवाल्याला आम्ही पायलट म्हणतो). पहिल्या वेळी त्यांना टेबलावर पाय सरळच करता येईना. गुडघ्यांखाली दोन उशा दिल्या, तरी वीस मिनिटांत तीनदा हातातला फुगा दाबून त्यांनी मशीन थांबवायला लावलं. इंजेक्शननंतर चार महिन्यांनी आले ते जिना चढून. सांगत होते, यंदा चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) मी स्वतः बांधली, स्टुलावर उभा राहून. त्या दिवशीचं चित्र जुन्याशेजारी लावलं. मणक्यातल्या पाण्याच्या पांढऱ्या पट्टीत घुसलेली ती काळी गादी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि मला फार वाईट वाटलं. बरा झालेला माणूस कागद वाचून पुन्हा आजारी पडतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

हे एकट्या त्यांचं नाही. नेदरलँड्समधल्या सायटिकाच्या (नस दबून पायात कळ जाण्याच्या दुखण्याच्या) 283 रुग्णांचा एमआरआय वर्षभराने पुन्हा काढला होता, तो अभ्यास 2013 मध्ये आला. बरे वाटणाऱ्यांपैकी 35 टक्क्यांत गादी अजून बाहेरच होती, बरे न वाटणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांत. ते रुग्ण ऑपरेशन किंवा साध्या उपचारांचे होते, इंजेक्शनचे नव्हते. पण चित्र बघून माणूस बरा आहे की नाही ओळखता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होतं. त्याआधी 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 लोकांचे एमआरआय काढले, तर 52 टक्क्यांत कुठेतरी गादी फुगलेली निघाली.

उलटही खरं आहे. गादी आत गेलेली दिसली तर त्याचं श्रेय इंजेक्शनला देता येत नाही. बाहेर आलेला गर शरीर आपसूक शोषून घेतं. तुकडा पार तुटून सुटा झाला असेल तर बहुतेक वेळा तो विरघळतो. नुसती फुगलेली गादी मात्र बहुधा तशीच राहते. म्हणून इंजेक्शनचा खरा परिणाम तपासायचा तर औषधवाला आणि बिनऔषधाचा असे दोन गट लागतात. 1997 मध्ये 158 रुग्णांवर तसा अभ्यास झाला: पायाची कळ काही आठवडे लवकर कमी झाली, पण ऑपरेशनची गरज टळली नाही. तेव्हा आईंना मिळालेला आराम खरा आहे, मात्र इंजेक्शनने आजार मुळापासून गेला असं कुणी सांगितलं तर मानू नका.

मग इमेजिंगचा उपयोग कुठे? माझ्या मते सगळ्यात मोलाचं चित्र सुई आत असतानाचं. सी-आर्मखाली डॉक्टर आधी थोडा डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव, सोडतात. जागा बरोबर असली की तो नसेच्या कडेने बारीक रेघ ओढत खाली उतरतो. सुई रक्तवाहिनीत गेली असेल तर डाय क्षणात वाहून जातो, पडद्यावर काही उरत नाही. मग डॉक्टर सुई मागे घेतात. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नाही. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या डॉक्टर सिकार यांनी 1901 मध्ये माकडहाडाकडून एपिड्युरल इंजेक्शन दिलं, आणि वीस वर्षांनी फोरेस्टिये यांच्यासोबत लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल सोडून तीच जागा एक्स-रेवर पाहिली.

दुसरा उपयोग, काही बिघडलं तर. 2012 मध्ये अमेरिकेत स्टिरॉइडच्या कुप्यांत बुरशी गेली होती. मिशिगनमध्ये तसलं इंजेक्शन मिळालेल्या 172 जणांचे एमआरआय काढले, तर 36 जणांत सुईच्या जागी दोष निघाला.

त्यामुळे आईंचा तिसरा एमआरआय नुसत्या समाधानासाठी काढू नका, काही हजार वाचतील. ताप येऊन कंबर वाढत्या प्रमाणात दुखू लागली, पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतरचे काही दिवस साखर वाढते, पुढच्या वेळी ती मोजत राहा. आणि एका वहीत लिहून ठेवा: आज न थांबता किती चालल्या, रात्री किती वेळा जाग आली, अंगठ्याला मुंग्या आहेत का. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर फिल्मआधी ती वही ठेवा.