वाचकांचे प्रश्न: माझ्या चोराचा स्नीक अटॅक लागतच नाही

या वेळी आलेल्या पत्रांमधली चार घेतलीयेत, चारही डी अँड डीमधल्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा गोष्टीतल्या पात्रांचा खेळ) स्नीक अटॅकबद्दलची, म्हणजे एका क्लासला (पात्राच्या प्रकाराला) अटी जुळल्या की मिळणाऱ्या जादा माराबद्दलची. एक आधी सांगते, त्या क्लासचं आत्ताचं इंग्रजी नाव (Rogue) देवनागरीत लिहिलं की आजारपणाचंच काहीतरी वाटतं, म्हणून आमच्या टेबलावर सगळे सरळ 'चोर' म्हणतात आणि मीही तेच लिहिणारे. तसंही १९७५ साली ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत हा क्लास पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव चोर असंच होतं.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयरला आहे, कर्वेनगरला रूम घेऊन राहतो, आम्ही पाच जण दर रविवारी खेळतो, नियमांची पुस्तकं २०१४ ची. गनिमी कावा करायचा म्हणून मी चोर घेतला, आता लेव्हल ४ आहे, पण गेल्या तीन रविवारी मिळून स्नीक अटॅक फक्त दोनदा लागला. मी शॉर्टबो (छोटं धनुष्य) घेऊन साधारण १०० फुटांवर थांबतो म्हणजे मला कोणी मारत नाही, आणि दर टर्नला लपायला बघतो तर डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो मोकळ्या मैदानात कुठे लपणार तू. जागाच नसेल तर चोरानी करायचं काय?

उत्तर: लपण्याबद्दल तुझा डीएम बरोबर बोलतोय, समोरच्याला तू स्पष्ट दिसत असशील तर लपता येत नाही, त्यावरून त्याच्याशी वाद घालू नकोस. पण लपता आलं नाही म्हणून स्नीक अटॅक गेला, हे मात्र तू चुकीचं धरून बसलायस, आणि तुझ्यासारखे निदान निम्मे नवे चोर हेच धरून बसतात कारण नावातच स्नीक आहे.

नियम नीट वाच. फिनेस (चपळाईनी चालवायचं) किंवा रेंज्ड (लांबून मारायचं) शस्त्र हवं, हे पहिलं. मग दोनपैकी एक गोष्ट पुरते. एकतर तुझ्या रोलला ॲडव्हान्टेज (वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) हवा. किंवा ज्याला मारतोयस त्याच्या ५ फुटांच्या आत त्याचा दुसरा कुणीतरी शत्रू हवा, तो बेशुद्ध बिशुद्ध नसावा, आणि तुझ्या रोलवर डिसॲडव्हान्टेज (दोनातला लहान घ्यावा लागणं) नसावा. बस. या दुसऱ्या वाटेला अंधार लागत नाही, झुडूप लागत नाही, तू भर उन्हात नाव सांगून बाण मारलास तरी चालतं.

कबड्डी बघितली असशीलच. चढाईवाला आत येतो, कोपऱ्यातला खेळाडू त्याच्या घोट्याकडे वाकतो, चढाईवाल्याचं लक्ष आणि वजन त्या बाजूला जातं, आणि तेवढ्यात मधला येऊन धडक देतो. तो मधला कुठे लपलेला नसतो, सगळ्या मैदानाला दिसत असतो, चढाईवाल्यालाही दिसत असतो, फक्त त्या क्षणी चढाईवाल्याला दोघांकडे बघणं जमत नाही. स्नीक अटॅक म्हणजे हा मधला खेळाडू. आणि गनिमी काव्याचं म्हणशील तर तोही नुसता अंधारात बसून होत नव्हता, त्यात कोण कुठून येणार आणि शत्रूला कोण कुठे गुंतवून ठेवणार हे आधी ठरलेलं असायचं.

आता तुझ्या १०० फुटांकडे येते. शॉर्टबोची रेंज ८० आणि ३२० फूट आहे, म्हणजे ८० च्या पुढे गेलास की मारता येतं पण डिसॲडव्हान्टेजनी. म्हणजे समजा तुमचा फायटर एखाद्या गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) चिकटून उभा आहे, तुझं काम झालेलं आहे, आणि तू फक्त २० फूट जास्त लांब असल्यामुळे स्वतःच दार लावून घेतोयस! ६० फुटांवर ये. गॉब्लिन पळत आला तरी तुला मागे सरकायला जागा राहते. फक्त अगदी अंगावर येऊ देऊ नकोस, कारण ५ फुटांत शत्रू असताना धनुष्य चालवलं की परत डिसॲडव्हान्टेज.

यानी किती फरक पडतो बघ. लेव्हल ४ ला डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ धरली तर तुझा बाण सरासरी साडेसात डॅमेज करतो, आणि स्नीक अटॅकचे दोन डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) वरती सरासरी ७ देतात. म्हणजे तो लागला नाही की तू अर्धाच खेळतोयस. ॲडव्हान्टेजचंही तसंच, गॉब्लिनचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५, तुझा रोलवरचा बोनस ६, साध्या रोलनी ६० टक्के वेळा लागतं आणि ॲडव्हान्टेजनी ८४ टक्के. म्हणून साथीदार शेजारी असला तरी ॲडव्हान्टेज मिळत असेल तर सोडू नकोस.

तो मिळवायचा कुठून, तर बाकीच्यांकडून, आणि इथे एक गोष्ट सांगते जी आमच्या नारायण पेठेतल्या टेबलावर झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीनी इंचाइंचाचे चौकोन आखलेत, एक चौकोन ५ फूट, त्यावर ऑगर (धिप्पाड राक्षस) म्हणून उपडी वाटी आणि चोर म्हणून कॅरमची लाल राणी. फायटरनी ट्रिप अटॅकनी ऑगरला आडवा पाडला, सगळे ओरडले, आता चोराची मजा. राणी ४० फुटांवर, हातात धनुष्य. पण आडवा पडलेल्याला ५ फुटांच्या आतून मारलं तरच ॲडव्हान्टेज असतो, लांबून मारलं की उलटा डिसॲडव्हान्टेज. फासे पडले १७ आणि ४, घ्यावा लागला ४, अधिक ६ म्हणजे १०, ऑगरचा आर्मर क्लास ११. एकानी हुकलं. ऑगर उभा असता तर फायटर शेजारी होताच, पहिला १७ सरळ लागला असता आणि स्नीक अटॅकसकट लागला असता. फायटर खेळणाऱ्या मुलाचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं, त्यानी तर मदतच केली होती.

त्या टर्नला चोरानी काय करायला हवं होतं? बोनस ॲक्शननी (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीनी) डॅश, म्हणजे ३० अधिक ३० फूट, शॉर्टसोर्ड उपसून शेजारी जायचं आणि मारायचं. हाच तो कनिंग ॲक्शन, लेव्हल २ पासून आहे, तो फक्त लपायला दिलाय असं नाही. किंवा आधीच फायटरला सांगायचं की मी धनुष्यावर आहे तोवर पाडू नकोस, नुसता चिकटून राहा.

तसंच क्लेरिकचं (पुजाऱ्याचं). त्याचा गायडिंग बोल्ट हा मंत्र लागला की त्या शत्रूवरच्या पुढच्या रोलला ॲडव्हान्टेज मिळतो, पण पुढच्या म्हणजे जो कोणी आधी मारेल त्याच्या, आणि इनिशिएटिव्हमधे (टर्नच्या क्रमात) क्लेरिकनंतर बार्बेरियन असेल तर तो खाऊन टाकतो, तेही उगाच, कारण रेकलेस अटॅकनी त्याला स्वतःचा ॲडव्हान्टेज कधीही घेता येतो. अशा वेळी बार्बेरियननी आधी दुसऱ्या कुणाला तरी मारावं, एवढं बोलून ठेवा. फेअरी फायर हा मंत्र त्या मानानी उदार, सेव्ह (बचावाचा रोल) चुकलेल्या प्रत्येकावर सगळ्यांनाच ॲडव्हान्टेज, फक्त टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन टिकलं पाहिजे. वेबमधे (मंत्राच्या जाळ्यात) अडकलेला, आंधळा झालेला, होल्ड पर्सननी थिजलेला, सगळे चालतात.

आणि तुमच्याकडे विझार्ड असेल तर त्याला घुबड पाळायला लाव, प्लीज. फाइंड फॅमिलिअर लेव्हल १ चा मंत्र आहे, १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा-धूप लागतो आणि तासभर वेळ. घुबडाला स्वतः अटॅक करता येत नाही पण हेल्प करता येतं, ते उडत येतं, शत्रूच्या तोंडासमोर फडफडतं आणि तुला ॲडव्हान्टेज देऊन परत उडून जातं, आणि फ्लायबायमुळे जाताना त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅकही (शेजारून निसटणाऱ्यावरचा वार) होत नाही. त्याचा हिट पॉइंट फक्त १ आहे, तेव्हा शेजारी बसवून ठेवू नका.

पुढच्या रविवारी खेळ सुरू करायच्या आधी दहा मिनिटं बाकीच्यांशी बोल. तुला काय लागतं हे त्यांना माहीतच नाहीये बहुतेक, त्यांना वाटतंय तू लपणार आणि काहीतरी करणार.

प्रश्न: मी डीएम आहे, ऑफिसातल्या मित्रांना घेऊन बाणेरला खेळतो. आमचा चोर दर टर्नला स्नीक अटॅक लावतो आणि मला ते जास्त वाटतं, म्हणून मी ठरवलं की लढाईत एकदाच, तेही शत्रू बेसावध असेल तर. आता तो नाराज आहे. माझं चुकलं का?

उत्तर: हो, चुकलं, पण एका वाक्यात दुरुस्त होईल असं आहे. स्नीक अटॅक हे चोराचं बक्षीस नाही, पगार आहे. लेव्हल ५ ला फायटरला दुसरा अटॅक मिळतो, चोराला तो कधीच मिळत नाही, त्याऐवजी त्याचे फासे वाढतात, ५ ला तीन डी-सिक्स म्हणजे सरासरी साडेदहा, आणि १९ ला दहा. तुम्ही त्याला लढाईत एकदाच दिलं तर बाकीचा वेळ तो एक छोटी तलवार घेतलेला, कमी हिट पॉइंटचा माणूस आहे, अशा वेळी कोण खेळेल?

पूर्वी खरंच कडक होतं हे मान्य. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सांगाडे, झॉम्बी, यंत्रपुतळे यांच्यावर स्नीक अटॅक चालायचाच नाही, आणि चोर खेळणारी मुलं थडग्यांच्या मोहिमेत अख्खी संध्याकाळ चिप्स खात बसायची. चौथ्या आवृत्तीनी ते काढलं आणि माझ्या मते फार बरं केलं. तुम्हाला त्याला अवघड जायला हवं असेल तर नियम कापू नका, मैदान बदला, शत्रूंना पांगवा, धुकं आणा, एखाद्या धनुर्धारी शत्रूला छपरावर एकटाच उभा करा म्हणजे चोराला आधी कुणालातरी तिथे पोचवावं लागेल. तेव्हा तो विचार करेल, नाराज नाही होणार. आणि पुढच्या सेशनला आधी सांगून टाका की नियम परत पुस्तकातला.

प्रश्न: स्नीक अटॅक टर्नला एकदा का राउंडला (सगळ्यांचे टर्न मिळून एक) एकदा? आमच्याकडे भांडण चालू आहे.

उत्तर: टर्नला. आणि टर्न म्हणजे फक्त तुमचा नाही, कुणाचाही. म्हणजे तुमच्या टर्नला एकदा लावला, मग ऑर्क त्याच्या टर्नला तुमच्या जवळून पळाला, तुम्ही रिॲक्शननी (दुसऱ्याच्या टर्नमधल्या झटपट कृतीनी) ऑपॉर्च्युनिटी अटॅक केला आणि अटी जुळल्या, तर परत लागतो. पण ऑपॉर्च्युनिटी अटॅक हातातल्या शस्त्रानीच होतो, धनुष्यानी नाही. फायटर बॅटल मास्टर (फायटरचा एक उपप्रकार) असेल तर कमांडर्स स्ट्राइकनी तो स्वतःचा एक अटॅक आणि बोनस ॲक्शन देऊन त्याच्या टर्नला तुम्हाला मारायला लावू शकतो, आमच्याकडे मोठ्या शत्रूसमोर हेच चालतं. फक्त रिॲक्शन राउंडला एकच असते, ती इथे गेली की लेव्हल ५ पासून मिळणारा अनकॅनी डॉज (लागलेला मार अर्धा करणं) त्या राउंडला मिळत नाही, तेव्हा समोरचा जोरात मारणारा असेल तर जपून.

२०२४ च्या पुस्तकानी खेळत असाल तर स्नीक अटॅकचं हे टर्नचं गणित तसंच आहे, वर शॉर्टसोर्ड, रेपिअर, शॉर्टबो यांना व्हेक्स आलंय, म्हणजे एकदा लागलं की त्याच शत्रूवरचा तुमचा पुढचा अटॅक ॲडव्हान्टेजनी, फक्त तो तुमचा पुढचा टर्न संपायच्या आत झाला पाहिजे.

प्रश्न: माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आम्ही दोघंच खेळतो, मी डीएम आणि ती एकटी चोर, आत्ता लेव्हल २. शेजारी उभा राहायला कोणी नाही, मग तिचा स्नीक अटॅक कसा लागणार? (सहकारनगर)

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. लेव्हल ३ ला दोन चांगल्या सोयी येतात. स्वॉशबकलर (चोराचा एक उपप्रकार) घेतला तर ती आणि शत्रू असे दोघंच समोरासमोर असले, तिच्या ५ फुटांत दुसरं कोणी नसलं, तरी स्नीक अटॅक लागतो, म्हणजे एकटीनी खेळणाऱ्यासाठीच केल्यासारखं आहे. दुसरं स्टेडी एम, २०२० च्या टाशाच्या जादा नियमांच्या पुस्तकातलं, त्या टर्नला हललं नसेल तर बोनस ॲक्शननी ॲडव्हान्टेज, बदल्यात तो टर्न जागेवरून हलायचं नाही. तोपर्यंत लपायला जागा तुम्हीच द्या, तुमच्याच हातात आहे ते, पिंपं, खांब, अर्धवट पडलेली भिंत, प्रत्येक लढाईत दोन-तीन तरी.

आणि आत्ताच्या आत्ता करण्यासारखं म्हणजे तिला बाजारात एक मॅस्टिफ कुत्रा विकत घेऊ द्या. २५ सोन्याच्या नाण्यांना मिळतो, नियमाच्या पुस्तकात किंमत दिलेली आहे. कुत्रा शत्रूच्या अंगावर धावून ५ फुटांत गेला की तो त्याचा शत्रू झाला, तिचा स्नीक अटॅक सुरू, आणि चावा लागला तर ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह चुकल्यावर समोरचा आडवासुद्धा पडतो. (आडवा पडला की धनुष्य ठेवून जवळ जायचं, वर लिहिलंय ते तिलाही वाचून दाखवा.) हिट पॉइंट ५ च आहेत त्याचे, तेव्हा पहिल्या काही लढाया गॉब्लिनना तिच्याकडे बघू द्या, कुत्र्याकडे नको, कारण त्याचं नाव ती ठेवणार आहे.