विचारा तर खरं : नामांकित विद्यापीठातलं पहिलं वर्ष

मोठ्या शहरांतल्या नामांकित विद्यापीठांत नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. प्रवेश कसा मिळवायचा हे विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. आत गेल्यावर काय करायचं, एवढंच इथे पाहू.

प्रश्न : पहिल्या सेमिस्टरला चार विषय पुरेत, असं सल्लागार म्हणतात. शाळेत मी एका वेळी सात विषय करत होतो. सहा घेतले तर काय बिघडेल?

बिघडेल ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि तोवर विषय निमूटपणे सोडून द्यायची मुदत बहुधा उलटून गेलेली असेल.

क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब. अमेरिकी पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात १ तास आणि वर्गाबाहेर किमान २ तास, असं सुमारे १५ आठवडे. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि प्रत्येकाला २५ ते ३० तास, म्हणजे वर्षाचे १,५०० ते १,८०० तास. आता मांडून बघा. तीन-तीन क्रेडिटचे सहा विषय घेतले की आठवड्याला ५४ तास झाले. आठवड्यात तास १६८. झोपेचे ५६, खाणं-आंघोळ-कपडे यांचे २१ आणि ये-जा करण्याचे ७ वजा केले की उरतात ८४. त्यातून ५४ गेले की हातात ३०. कागदावर हे छान बसतं. पण वर्गाबाहेरचे ते दोन तास 'किमान' आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल किंवा प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट त्याच्या दुप्पट वेळ सहज खाते, आणि सहाही विषयांच्या मिडटर्म, म्हणजे सत्राच्या मध्यावरच्या परीक्षा, एकाच पंधरवड्यात येतात. शाळेतले सात विषय निभावले, कारण रोजचं वेळापत्रक दुसऱ्या कुणीतरी आखून दिलं होतं.

चार विषयांना नाव नोंदवा. पाचवा हवाच असेल तर विषय बदलण्याच्या सुरुवातीच्या मुदतीत त्याच्या तासांना बसा, पहिली असाइनमेंट खरोखर सोडवा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी ठरवा, शेवटच्या रात्री नको. तीन तारखा वेगवेगळ्या असतात आणि त्यांची सरमिसळ होते : विषय मागमूस न ठेवता सोडण्याची, गुणपत्रकावर 'डब्ल्यू' (विथड्रॉन, म्हणजे विषय मधेच सोडल्याची खूण) लागून सोडण्याची आणि ग्रेडऐवजी पास-नापास घेण्याची. तिन्ही पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका. एमआयटीत पहिल्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला नापास झालेला विषय बाहेर जाणाऱ्या गुणपत्रकावर येतच नाही. ही चैन सगळीकडे नसते.

सत्र किती आठवड्यांचं आहे तेही बघा. शिकागो किंवा स्टॅनफर्डच्या क्वार्टर पद्धतीत ते जेमतेम ९-१० आठवड्यांचं असतं, ऑक्सफर्ड-केंब्रिजची टर्म ८ आठवड्यांची. तिथे एक आठवडा तापात गेला तर टर्मचा आठवा हिस्सा गेला.

प्रश्न : इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून आठवड्याला साडेतीनशे पानं वाचायला नेमतात. मी अक्षर न् अक्षर वाचते, पानापानावर हायलाइटर फिरवते, तरी चर्चेच्या तासाला तोंड उघडत नाही.

अवघड मजकूर तासाला १५ ते २० पानांच्या वेगानेच वाचून होतो. म्हणजे साडेतीनशे पानांना १८ ते २३ तास, आणि या दोन विषयांसाठी तुमच्याकडे वर्गाबाहेर धरलेले तास आहेत साधारण १२. गणित बसत नाही, ते तुमच्या संथपणामुळे नव्हे. सगळं सारख्याच बारकाईने वाचायचं नसतं, हे नेमणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. सांगत मात्र कुणी नाही.

आठवड्याच्या वाचनाचे आधी तीन गट करा. ज्यावर वर्गात शब्दाशब्दाने बोलणं होणार तो मूळ ग्रंथ किंवा दस्तऐवज पूर्ण वाचायचा, हातात पेन्सिल घेऊन. संशोधनपर लेखाचा सांगाडा काढायचा. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण अडलं तिथे उघडायचं. कोलंबिया विद्यापीठात १९१९ पासून चालत आलेल्या 'कोअर' या सगळ्यांना सक्तीच्या अभ्यासक्रमासारख्या ठिकाणी पहिल्याच गटाचा भार मोठा असतो. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे विषय त्याच सत्रात जोडीला घेतलेले बरे.

सांगाडा काढायचा म्हणजे काय? समजा चाळीस पानी लेख आहे. पहिली चार आणि शेवटची तीन पानं पूर्ण वाचा, वीस मिनिटं. मधल्या पानांवर उपशीर्षकं आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं-शेवटचं वाक्य, आणखी वीस मिनिटं. 'आजवरच्या अभ्यासकांनी असं मानलं, परंतु' अशा धाटणीचं वाक्य दिसलं की तिथे थांबा. लेखकाचं भांडण कुणाशी आहे ते तिथेच कळतं. ते दोन-तीन परिच्छेद सावकाश वाचा. मग लेख मिटा आणि न बघता अर्धं पान लिहा : लेखकाचा दावा एका वाक्यात, त्याचे दोन सगळ्यांत भक्कम पुरावे, आणि तुम्हाला न पटलेली एक जागा. शेवटी लेख उघडून त्या जागेचा पान क्रमांक तेवढा टाका. सगळं मिळून एक ते सव्वा तास.

न बघता लिहिण्याची पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच गाळली जाते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर बाजी उलटली. पुन्हा वाचण्याऐवजी ज्यांनी आठवून लिहिलं होतं, त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. हायलाइटर फिरवताना डोळ्यांना ओळख पटत जाते, आणि तीच ओळख आपण समज म्हणून खपवतो.

चर्चेत पहिल्या दहा मिनिटांत बोला, म्हणजे तुमचा मुद्दा दुसरं कुणी मांडायच्या आत मांडून होतो. 'पान ११७ वर लेखक करनोंदींचा आधार घेतात, पण कर न भरणारे त्या नोंदींत कसे सापडणार?' इतकं पुरे. सगळ्यांत जास्त बोलणाऱ्याने सगळ्यांत जास्त वाचलेलं असतं असं मुळीच नाही. दोन आठवड्यांत तुम्हालाही ते दिसेल.

प्रश्न : मुलगी शाळेत कायम नव्वदच्या वर. इथे पहिल्याच मिडटर्मला १०० पैकी ५४. 'इथे मी चुकून आले' म्हणत फोनवर रडते. शिकवणी लावावी का?

आधी तिला वर्गाची सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारा आकडा) विचारायला सांगा. सरासरी ४६ आणि विचलन ११ असेल तर ५४ म्हणजे जवळपास वरच्या पाव वर्गात. सरासरी ६८ आणि विचलन ९ असेल, तर मात्र ती तळाच्या दहा टक्क्यांत आहे. आकडा तोच, अर्थ पार उलटा. विज्ञान-अभियांत्रिकीच्या कितीतरी प्रश्नपत्रिका सरासरी पन्नासच्या आसपास यावी अशाच बेताने काढतात. सगळ्यांना नव्वद पडले तर कुणाला किती येतं ते समजणारच नाही.

मग उत्तरपत्रिका समोर घेऊन गेलेले ४६ गुण तीन रकान्यांत वाटू द्या : कळलंच नव्हतं, वेळ पुरला नाही, हातची चूक झाली. बहुतेक गुण पहिल्या रकान्यात असतील तरच शिकवणीचा विचार करा, आणि तोही विद्यापीठाच्या मोफत शिकवणी केंद्रापासून. दुसरा रकाना मोठा असेल तर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं हाच उपाय. 'चुकून आले' या भावनेचं वर्णन क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच केलं, तेही यशस्वी स्त्रियांच्या अभ्यासातून. मात्र झोप, खाणं, वर्गाला जाणं यांतलं काही दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर समुपदेशन केंद्राची वेळ लगेच घ्यायला सांगा. सत्राच्या शेवटी तिथे रांग लागते.

प्राध्यापकांना फोन तुम्ही करू नका. अमेरिकेत तर विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यार्थिनीच्या संमतीशिवाय ते तिच्या गुणांबद्दल बहुधा बोलणारही नाहीत.

प्रश्न : ऑफिस अवर्सना जाऊन बोलायचं काय? उगाच वेळ घेतोय असं वाटतं.

ऑफिस अवर्स म्हणजे प्राध्यापक आपल्या खोलीत विद्यार्थ्यांना भेटतात तो ठरलेला वेळ; तो तुमच्यासाठीच राखून ठेवलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खोली रिकामी असते, परीक्षेच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग. 'मला चौथं प्रकरण कळलं नाही' या वाक्यावर कुणालाच मदत करता येत नाही. अडलेलं गणित कागदावर जिथवर झालं तिथवर न्या आणि म्हणा, 'इथवर आलो. ही पायरी का चालते ते कळत नाही.' दहा-बारा मिनिटांत काम होतं. शिफारसपत्र पुढे कुणाकडून तरी घ्यावं लागतंच, आणि दोनशेच्या वर्गात फक्त पाठीमागे बसलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक लिहिणार काय? पत्र मागाल तेव्हा चार ते सहा आठवडे आधी मागा. सोबत बायोडेटा, त्या विषयातलं तुमचं काम आणि सगळ्या मुदतींची एकच यादी द्या.

प्रश्न : गृहपाठ आम्ही चौघं मिळून सोडवतो. ही कॉपी होते का?

विषयाच्या सिलॅबसमध्ये, म्हणजे सुरुवातीला मिळणाऱ्या नियम-वेळापत्रकाच्या कागदात, काय लिहिलंय त्यावर ते ठरतं, आणि ते दर विषयाला वेगळं असतं. सुरक्षित रीत अशी : फळ्यावर चर्चा करा, फळा पुसा, उठा, आणि उत्तर आपापल्या खोलीत एकट्याने लिहा. वर 'यांच्याशी चर्चा केली' म्हणून नावं द्या. कुणाची फाइल घ्यायची नाही, आपली द्यायची नाही; घेणारा आणि देणारा दोघंही अडकतात. घरी सोडवायच्या परीक्षेत तर चर्चाही बंद असू शकते. २०१२ मध्ये हार्वर्डला एका विषयाच्या अशा अंतिम परीक्षेवरून सुमारे १२५ विद्यार्थ्यांची चौकशी झाली. पुस्तकं, टिपणं, इंटरनेट सगळं खुलं होतं. मनाई होती ती दुसऱ्यांशी चर्चा करण्याला.

प्रश्न : शहरात आहोत तर सत्र चालू असतानाच इंटर्नशिप करावी का?

पहिल्या वर्षी नको, दुसऱ्यापासून हरकत नाही. 'आठवड्याला १२ तास' हे चार दिवसांत तीन-तीन तास असं वाटलं गेलं तर प्रवास धरून अठरा होतात. त्यापेक्षा दीड दिवस सलग मागा आणि त्या दिवसांत वर्ग येणार नाहीत असे विषय घ्या. परदेशी विद्यार्थी असाल तर होकार देण्याआधी व्हिसाच्या अटी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात तपासून घ्या. बिनपगारी कामालाही परवानगी लागू शकते. मिडटर्म आणि अंतिम परीक्षेच्या आठवड्यांची सुट्टी रुजू होण्याआधीच ईमेलवर तारखांसकट मान्य करून घ्या. ऐन वेळी मागितलेली मिळेलच याचा भरवसा नसतो.