काड्या फुल्ल, तरी नेट गुल!

लॅपटॉपच्या वायफायबद्दल प्रश्न बरेच साचलेत, त्यातले चार आज घेतो.

सर, वायफायच्या सगळ्या काड्या फुल्ल दिसतात पण एक पान उघडत नाही. लॅपटॉप बिघडला का?

बहुतेक नाही. त्या काड्या फक्त लॅपटॉप ते राउटर एवढंच सांगतात, राउटरच्या पुढे फायबर तुटलीये का बिल थकलंय हे त्यांना काय माहीत! आधी फोन त्याच वायफायला लावा, पण मोबाइल डेटा बंद करून हां, नाहीतर नेट चालतंय म्हणून फसाल. फोनवरही नसेल आणि फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर लॅपटॉपला हात लावू नका, सरळ कंपनीला फोन करा. फोनवर चालतंय आणि लॅपटॉपवरच नाही असं असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडून आयपी अ‍ॅड्रेस बघा, तो 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपनं आपला आपणच एक ठोकून दिलाय. ते नेटवर्क फर्गेट करा, राउटर बंद करून चालू करा, परत जोडा. आणि हो, तारीख बघा! मी एकदा एका काकांकडे अर्धा तास डोकं आपटलं, शेवटी कळलं की आतला सेल गेल्यामुळे लॅपटॉप कुठल्यातरी जुन्याच वर्षात बसलेला, त्यामुळे बँक, मेल सगळ्या साइट सर्टिफिकेटच्या (साइट खरी असल्याच्या तारीखबंद दाखल्याच्या) नावानं बोंबलत होत्या.

100 एमबीपीएसचा प्लॅन आहे. फोनवर 90 च्या वर येतं, जुन्या लॅपटॉपवर 40 च्या पुढे जात नाही. कंपनी गंडवतेय का?

नाही हो, फोनवर येतंय म्हणजे घरापर्यंत पोचतंय. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकाच अँटेनाचं, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवालं कार्ड असतं (वायफायच्या लहरींचे नेहमीचे दोन पट्टे म्हणजे बँड, 2.4 आणि 5). त्याचा कागदावरचा लिंक स्पीड साधारण 72 एमबीपीएस, आणि हातात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात बिल्डिंगमधले सगळे त्याच बँडवर, जिथे एकमेकांत न घुसणारे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातले रस्ते, तीनच, 1, 6 आणि 11. त्याच प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क बँड लिहिलेला असतो. 2.4 दिसलं आणि राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं नाव यादीत येतच नसेल, तर कार्डच तेवढं आहे समजा. यूएसबीला लावायचा ड्युअल बँड (दोन्ही बँडवर चालणारा) अ‍ॅडॅप्टर घ्या, नवीन लॅपटॉप घ्यायची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. तोवर लॅन वायर लावा, ती अजूनही सगळ्यात भारी. आणि फाइल सेकंदाला 12 एमबीनंच उतरते म्हणून भांडू नका, प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये 8 बिट, म्हणून 100 ला 8 नं भागलं की तेवढंच येतं!

हॉलमध्ये मस्त चालतं, बेडरूममध्ये मरतं. रिपीटर घेऊ का?

आधी राउटर टीव्हीच्या मागून काढा! सळ्यांची स्लॅब, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी हे सगळे रेंज खातात. राउटर उंचावर आणि घराच्या मधोमध ठेवा. बेडरूममध्ये लॅपटॉप 2.4 ला जोडा, 5 वेगवान खरं पण भिंतीपुढे लवकर दमतं. साधा रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा, एकाच रेडिओवर घेणं आणि देणं दोन्ही करतो, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो, मी शेवटचा उपाय म्हणूनच घेईन.

शेजारी वापरू नयेत म्हणून वायफायचं नाव लपवलंय. पुरे ना?

अजिबात नाही. लपवलेलं नाव फुकटच्या अ‍ॅपनंही सापडतं, उलट तुमचा लॅपटॉप बाहेर गेला की ते नाव पुकारत फिरतो. राउटरच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए2 (वायफायला कुलूप लावायची पद्धत) ठेवा. जुनं डब्ल्यूईपी नावाचं कुलूप असेल तर आजच काढा, ते 2001 मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीए3 आणखी चांगलं, पण नुसतं तेच ठेवलं तर जुना लॅपटॉप जोडलाच जाणार नाही, तिथे 2 आणि 3 चा मिक्स मोड निवडा. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा असतो, तो अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच असेल तर आधी तो बदला.