सगळे हसले म्हणून

प्रिय बाळा,

परवा अभ्यासिकेतून निघताना चपला घालता घालता तू म्हणालास, "सर, सगळे हसले म्हणून मीपण हसलो." आणि माझं काही ऐकायच्या आत जिना उतरलास. बोलायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

अकोल्याहून आलेला तो मुलगा वर्गात "का" ऐवजी "काऊन" म्हणाला आणि तुमच्या ग्रुपने तो शब्द दिवसभर त्याच्यामागे लावला. तू परभणीचा. "काय करायलास" हे तुझ्या घरचं बोलणं. जूनमध्ये आईचा फोन आला की तू सगळ्यांसमोर मोकळा बोलायचास. आता फोन घेऊन गच्चीत जातोस. मी ते पाहत होतो, विचारलं नाही. त्या मुलावर हसताना तुला काय टोचलं असेल, ते मला कळतं.

स्वतःला भेकड म्हणवून घेऊ नकोस. सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आहे, अमेरिकेतला, १९५१ च्या सुमाराचा. कॉलेजच्या मुलांना एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते सर्वांसमोर मोठ्याने सांगायला लावायचं. उत्तर शेंबड्या पोरालाही दिसेल इतकं सोपं. पण खोलीत खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे आधी ठरवून आलेले, आणि ठरलेल्या फेऱ्यांत ते सगळे मिळून चुकीची रेघ सांगायचे. त्या फेऱ्यांत खऱ्या परीक्षार्थींची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं चुकली. एकट्याला विचारलं तर क्वचितच कुणी चुकत असे. अरे, त्यांना तर तिथून उठून आपापल्या घरी जायचं होतं. तुझा डबा, जर्नल, बसमधली जागा, रात्रीचे मेसेज, सगळं त्याच पाच जणांत आहे. तुझ्यावरचा दाब कितीतरी जास्त.

त्याच प्रयोगाचा पुढचा भाग मी दरवर्षी कुणा ना कुणाला सांगतो. अॅश यांनी त्या ठरवून आलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे चुकीचंच बोलत राहिले. तरी परीक्षार्थींच्या चुका आधीच्या साधारण पाव हिश्श्यावर आल्या. एकाने तोंड उघडलं, एवढ्यावर.

माझ्या वसतिगृहातल्या खोलीत एक मुलगा होता. घरून आणलेली भाकरी तो फडक्यात बांधून ठेवायचा, तर बाकीचे त्याला "भाकऱ्या" अशीच हाक मारायचे. मी ती हाक कधी मारली नाही, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. त्याच्या बाजूने मी एकदाही बोललो नव्हतो, हे मी त्यात धरतच नव्हतो. दिवाळीला गेला तो परत आला नाही. पेटी न्यायला वडील आले. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याचे दोस्त ना?" मी हो म्हणालो. त्या 'हो'वर मी आजही अडतो.

तुला भीती आहे की बोललास तर तुलाही बाजूला टाकतील. ती खोटी नाही. संगणकावरच्या चेंडूफेकीच्या साध्या खेळात बाकीच्या दोघांनी आपल्याकडे चेंडू टाकणं बंद केलं, तरी माणसाला लागतं. समोर माणसं नाहीत, नुसता संगणक खेळतोय, हे सांगून ठेवलं तरीही लागतं, असं किप्लिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. तुझ्या वयात तर विचारूच नको.

म्हणून ग्रुपशी भांडण काढ, त्यांना भाषण दे, असं मी सांगणार नाही. ती पोरं वाईट नाहीत. त्यांच्यातलाही एखादा तुझ्यासारखाच उगाच हसत असेल. पुढच्या वेळी फक्त हसू नकोस. जमलं तर "आमच्याकडेपण वेगळंच बोलतात, काय झालं त्यात?" एवढं म्हण, नेहमीच्या आवाजात. रात्री ग्रुपवर त्याची नक्कल करणारा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नकोस, हसरा चेहराही टाकू नकोस. दोन दिवस तुझ्याशी तुटक वागतील. त्या दोन दिवसांत डबा खायला अभ्यासिकेत ये, मी असतो.

मात्र प्रकरण मारहाणीवर, पैसे मागण्यावर किंवा धमकावण्यावर गेलं, तर ते तुम्ही मुलांनी आपसात मिटवायचं नाही. मला सांग, वर्गशिक्षकांना सांग. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो मुलगा फारच गप्प झाला, जेवेनासा झाला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ त्याला दे. त्यावर चोवीस तास बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सोमवारी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला त्याच्या टेबलावर दुसरं कुणी नसतं, असं तूच मागे म्हणाला होतास. तिथे जाऊन उभा राहा. ब्यूरेट त्याला धरू दे, रीडिंग तू लिही. आणि मधल्या सुट्टीत आईचा फोन आला तर तिथेच घे.

तुझा,
सर